उदक, पाणी आणि एक बोट

मुलांनो, मालवणच्या बंदरावर कधी आलात तर नुसते मासे बघू नका, कानही उघडे ठेवा. लिलावात मालवणी, पर्यटकांशी हिंदी आणि गोव्याच्या पाहुण्यांशी कोंकणी! एकच माणूस तीन भाषा बोलताना दिसेल.

आता माझ्या पहिलीच्या वर्गात या. एकदा एक चिमुरडी नव्याने आली. बाबा मालवणचे, आई गोव्याची. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "बाई, म्हाका उदक जाय." सगळा वर्ग खो खो हसला. खरं सांगू? मलाही हसू आलं. झालं! त्या दिवसापासून तिनं तोंडच मिटलं. तहान लागली की माझा पदर ओढायची आणि माठाकडे बोट दाखवायची.

हिला नीट बोलता येत नाही की काय, अशी शंका मला आली. म्हणून तिच्या घरी गेले. पाहते तर काय, आजीकडे ती 'माका व्हया' म्हणून खाऊ मागत होती, आईकडे 'म्हाका जाय' म्हणून! चूक तिची नव्हती, आमच्या हसण्याची होती.

बाळ पोटात असल्यापासून आईचा आवाज ऐकतं. नऊ-दहा महिन्यांचं झालं की हात हलवून टाटा करतं, हवं त्याकडे बोट दाखवू लागतं. पहिला शब्द येतो तो वर्षाच्या सुमारास. म्हणजे बोट आधी, शब्द नंतर! दोन-तीन भाषांच्या घरातलं मूल कधी शब्दांची सरमिसळ करतं. तो गोंधळ नव्हे. जो शब्द आधी सापडला, तो ते वापरतं. पुढे माणूस पाहून भाषा बदलायलाही आपसूक शिकतं.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर माठ काढला. म्हटलं, "मराठीत 'मला पाणी हवं', मालवणीत 'माका पाणी व्हया'. आता कोंकणीत कोण शिकवील?" वर्ग गप्प. मग हळूच एक हात वर झाला. त्या दिवशी सगळ्या वर्गानं 'उदक' मागून घेतलं!

आईबाबांनो, 'मालवणी बोलू नको, शाळेत मागे पडशील' असं मुलांना म्हणू नका. लहान वयात शक्य तिथे घरच्या भाषेतून शिकवावं, असं २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही सांगतं.

आणि मुलांनो, वर्गात कुणी वेगळं बोललं तर हसण्याआधी विचारा, "तुमच्याकडे याला काय म्हणतात?" एक नवा शब्द मिळेल, आणि बहुधा एक मित्रही!