‘आवडता’ आणि ‘नावडता’ : विनोदी मालिकांतील पात्रांविषयीच्या बोलण्याचा भाषिक विचार

एखाद्या जुन्या विनोदी मालिकेचा विषय निघाला की तीतील कोण आवडत असे आणि कोण आवडत नसे, ही चर्चा आपोआप सुरू होते. दिव्याहून पनवेल-पेणमार्गे रोह्यास जाणाऱ्या गाडीत असो की घरच्या जेवणानंतरच्या गप्पांत असो, तिचे स्वरूप फारसे बदलत नाही. ही चर्चा करमणुकीची खरी. परंतु मराठीच्या वाक्यरचनेचे आणि आदरार्थाचे काही नियम तीत इतक्या स्पष्टपणे दिसतात की, भाषेच्या अभ्यासकाने तिच्याकडे दुर्लक्ष करणे इष्ट नव्हे. प्रेक्षकांच्या आवडीनिवडींचे सर्वेक्षण करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे तर हा प्रश्न प्रत्यक्षच उभा राहतो. ‘आपले सर्वांत आवडते पात्र कोणते? सर्वांत नावडते पात्र कोणते?’ अशी दोन रकान्यांची प्रश्नावली तयार करणे सोपे आहे. मात्र हे दोन रकाने मराठी बोलणाऱ्याच्या मनातील भेदांशी जुळतात काय, याचा विचार आधी झाला पाहिजे. प्रस्तुत लेखात तो करावयाचा आहे.

उदाहरणादाखल दोन मालिका घेऊ. पहिली ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’. चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) यांच्या कथांतील ही जोडी १९४० च्या ‘लग्न पहावे करून’ या चित्रपटात दामूअण्णा मालवणकर व विष्णुपंत जोग यांच्या रूपाने पडद्यावर आली. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि त्याच दशकात दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे यांनी ही पात्रे घरोघर पोचविली. दुसरी मालिका ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’. प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’ या लेखनावर आधारलेली आणि केदार शिंदे यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका २००१ मध्ये त्या वेळच्या आल्फा मराठी वाहिनीवर सुरू झाली. आजोबा, मुलगा शेखर, सून श्यामला आणि शलाका व शिऱ्या ही नातवंडे असे हे पाच माणसांचे कुटुंब होय.

प्रथम ‘आवडणे’ या क्रियापदाची रचना पाहू. ‘मला गुंड्याभाऊ आवडतो’ या वाक्यात आवड बाळगणारी व्यक्ती ‘मला’ अशी चतुर्थीच्या रूपात येते. आवडणारी व्यक्ती प्रथमेत राहते आणि क्रियापद तिच्याच लिंगवचनाप्रमाणे चालते. ही रचना जुनी आहे. ‘रुच्’ धातूच्या अर्थाच्या क्रियापदांच्या बाबतीत ज्याला वस्तू रुचते त्यास संप्रदान ही संज्ञा पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात दिलेली आहे. तात्पर्य, मराठी वाक्यात प्रेक्षक हा आवडीचा कर्ता नसतो. आवड ही त्याच्या ठिकाणी घडणारी गोष्ट असते, आणि वाक्यातील मानाची जागा पात्राकडे जाते.

या रचनेचा एक परिणाम अभ्यासकाच्या दृष्टीने फार उपयोगाचा आहे. क्रियापद पात्राप्रमाणे चालत असल्यामुळे बोलणाऱ्याचे त्या पात्राशी असलेले नाते क्रियापदाच्या प्रत्ययात उतरते. ‘मला चिमणराव आवडतात’, परंतु ‘मला गुंड्याभाऊ आवडतो’. ‘आबा आवडतात’, परंतु ‘शिऱ्या आवडतो’. चिमणराव हा काही पराक्रमी पुरुष नव्हे. तो भित्रा आणि गोंधळ्या कारकून आहे. तरीही नावातील ‘राव’ आणि त्याचे गृहस्थपण यांमुळे त्याला अनेकवचन मिळते. गुंड्याभाऊच्या नावात ‘भाऊ’ असूनही ‘गुंड्या’ हे आधीचे पद त्याला एकेरीवर आणते, आणि या एकेरीत अनादर नसून सलगी आहे. एखाद्याने ‘चिमणराव आवडतो’ असे म्हटले, तर तो पात्राकडे बरोबरीच्या किंवा वडीलकीच्या नात्याने पाहतो, असे समजण्यास जागा आहे. प्रश्नावलीच्या रकान्यात केवळ ‘चिमणराव’ एवढेच नाव लिहून घेतले, तर ही सर्व माहिती गळून पडते.

याच संदर्भात चिं. विं. च्या नामयोजनेचाही उल्लेख केला पाहिजे. चिमणरावांच्या बायकोचे नाव काऊ, मुलांची नावे मोरू, राघू आणि मैना. सर्व घर पक्ष्यांच्या नावांनी भरलेले आहे. काऊ-चिऊच्या गोष्टीवर वाढलेल्या मराठी श्रोत्याला ही नावे ऐकताच ते कुटुंब ओळखीचे व लहानगे वाटू लागते, आणि त्यातील कोणाचा मनापासून तिटकारा करणे त्याला अवघड होते.

येथे नावडीचा प्रश्न येतो. ‘आवडणे’ हे क्रियापद नित्याच्या वापरातले आहे. ‘नावडणे’ मात्र बोलण्यात जवळजवळ नाही. बोलताना नकाराची अनेक रूपे येतात. ‘मला तो आवडत नाही’, ‘मला त्याचा कंटाळा येतो’, ‘मला त्याचा राग येतो’, ‘तो आला की नकोसे होते’ ही वाक्ये समानार्थक नाहीत. कंटाळा हा पुनरावृत्तीचा असतो. विनोदी मालिकेत प्रत्येक भागाच्या शेवटी सर्व माणसे मूळ ठिकाणी परत येतात आणि त्यांचे स्वभाव बदलत नाहीत, हा त्या प्रकाराचाच नियम असल्यामुळे असा कंटाळा अपरिहार्य आहे. राग मात्र आपल्या माणसाचा येतो. ‘शिऱ्याचा राग येतो’ असे म्हणणारी व्यक्ती बहुधा पुढच्याच वाक्यात त्याची बाजू घेते. या दोन्ही उत्तरांना ‘नावडता’ या एका रकान्यात टाकणे म्हणजे परस्परविरुद्ध भावनांची बेरीज करणे होय.

‘नावडता’ हे विशेषण मात्र मराठीत ठसठशीतपणे जिवंत आहे, आणि त्याचे मूळ घर कहाण्यांत आहे. सोमवारच्या शिवामुठीच्या कहाणीतील राजाला चार सुना असतात. तीन आवडत्या, एक नावडती. नावडतीला घरात उष्टे खाण्यास आणि जाडेभरडे नेसण्यास मिळते. परंतु कहाणी ऐकणारे सारे तिच्याच बाजूचे असतात, आणि कहाणी संपते ती नावडतीची आवडती होऊनच. ‘नावडतीचे मीठ अळणी’ ही म्हणही तिच्या स्वयंपाकाविषयी काही सांगत नाही. चव घेणाऱ्याविषयी सांगते. म्हणजे ‘नावडती’ या शब्दात दोन दृष्टी एकत्र नांदतात. घरातल्या सत्ताधाऱ्याची नावड आणि ऐकणाऱ्याची आवड त्यात एकाच वेळी असते. हा शब्द प्रश्नात वापरल्यावर उत्तर देणारा कोणाच्या दृष्टीने उत्तर देत आहे, हे निश्चित करता येत नाही.

ही अडचण केवळ शब्दाची नाही. एखादे पात्र नावडते होते ते पुष्कळदा कथा कोण सांगतो यावर. चिं. विं. च्या कथा स्वतः चिमणराव सांगतात. त्यामुळे छापील पानावर काऊ आपणास भेटते ती नवऱ्याच्या वाक्यांतून. ती केव्हा रागावली हे आपणास कळते. परंतु तिने त्या दिवशी काय काय सोसले, हे चिमणरावांना सुचेल तेवढेच कळते. चिमणराव स्वतःची फजिती मोकळेपणाने सांगतात, हा त्यांचा मोठा गुण, आणि त्यामुळेच वाचक त्यांना क्षमा करतो. काऊला अशी संधी नाही. दूरदर्शनवर निवेदकाची ही मक्तेदारी सैल होते. नवरा बोलत असताना बायकोचा चेहराही दिसतो, आणि एका दृष्टिक्षेपात बाजू पालटू शकते. ‘अनुदिनी’ची रचना तर मुळातच वेगळी आहे. तेथे घरातील प्रत्येक माणूस आपली रोजनिशी लिहितो. जो स्वतःच्या तोंडाने ‘मी’ म्हणतो त्याला नावडता ठरविणे कठीण जाते. टिपरे कुटुंबात नावडत्याची जागा जवळजवळ रिकामी राहते, याचे कारण पात्रांच्या सद्‌गुणांत जितके आहे त्याहून अधिक या निवेदनव्यवस्थेत आहे, असे मला वाटते. विनोदी मालिकांतील कजाग बायको, खाष्ट सासू आणि चोंबडी शेजारीण यांना सहज नावडते ठरविणाऱ्या अभ्यासकाने त्यांच्या वाट्याला किती ‘मी’ आले, हे आधी मोजावे. अन्यथा लेखकाने दिलेली अपुरी जागा ही स्त्रीपात्राचा दोष म्हणून नोंदली जाईल.

‘पात्र’ या शब्दाविषयीही सावध राहिले पाहिजे. नाट्यशास्त्रातून आलेला हा शब्द ग्रंथांत निर्मळ आहे. बोलीत मात्र ‘काय पात्र आहे!’ म्हणजे विक्षिप्त माणूस. शिवाय सामान्य प्रेक्षक पात्राविषयी बोलतच नाही. तो एक तर माणसाविषयी बोलतो, नाही तर ‘कामा’विषयी. ‘कर्व्यांचे काम आवडले’ हे नटाविषयीचे मत आहे आणि ‘गुंड्याभाऊ आवडला’ हे माणसाविषयीचे. खाष्ट सासूचे काम आवडणे आणि त्या सासूचा राग येणे, या गोष्टी एकाच वाक्यात सुखाने राहतात.

आता पेण-रोहे परिसराकडे वळू. या विषयाच्या पाहणीस तो दोन कारणांनी योग्य आहे. पहिले कारण बोलीचे. येथे प्रमाण मराठीच्या शेजारी आगरी बोली नांदते. आगरीत ‘मला’ऐवजी ‘मना’ येते आणि ‘ड’च्या जागी ‘र’ होतो. त्यामुळे ‘आवडणे’ आणि ‘आवरणे’ ही दोन क्रियापदे उच्चारात एक होतात. तरीही घोटाळा होत नाही. कारण घर आवरणारी व्यक्ती प्रथमेत असते आणि जिला काही आवडते ती ‘मना’ या रूपाने येते. अर्थभेदाचा सारा भार विभक्ती उचलते. वर सांगितलेली अनुभवाची रचना मराठीत किती खोलवर रुजलेली आहे, याचा याहून चांगला पुरावा शोधण्यास दूर जावे लागत नाही. मात्र उत्तरे प्रमाणभाषेत ‘शुद्ध’ करून लिहिणाऱ्याच्या कागदावर हा पुरावा उरणार नाही.

दुसरे कारण पेणच्या गणेशमूर्तींचे. एखादे दूरचित्रवाणी-पात्र लोकांना आवडले तर त्याचे पुढे काय होते, हे येथे डोळ्यांनी पाहता येते. २०१४ मध्ये सुरू झालेली ‘जय मल्हार’ ही मालिका लोकप्रिय झाली, तेव्हा त्यातील खंडोबाच्या वेषातील गणपती मूर्तिकारांनी घडविले. पौराणिक पात्राची आवड अशी साच्यात उतरते. विनोदी पात्राला हा मार्ग मोकळा नाही. त्याची आवड भाषेत उतरते. आडदांड मित्राला ‘गुंड्याभाऊ’ म्हणणे, गोंधळून गेलेल्या गृहस्थाचा ‘चिमणराव झाला’ असे सांगणे, ही त्या पात्राची मूर्तीच होय. विशेषनामाचे असे सामान्यनाम झाले की ते पात्र आवडते आहे काय, हे निराळे विचारावे लागत नाही. ते नाव कोण कोणाला, कोणत्या प्रसंगी देतो, एवढे टिपले म्हणजे पुरे.

या विवेचनावरून पाहणीसाठी काही सूचना निघतात. ‘नावडते पात्र कोणते?’ असे विचारण्याऐवजी ‘राग कोणाचा येई?’ आणि ‘कंटाळा कोणाचा येई?’ असे दोन स्वतंत्र प्रश्न विचारावेत. उत्तर पूर्ण वाक्यात आणि बोलणाऱ्याच्याच बोलीत उतरवून घ्यावे, म्हणजे क्रियापदाचे रूप हाती राहील. माणूस आणि काम यांची नोंद वेगळी ठेवावी. उत्तर देणाऱ्याने ती गोष्ट छापील वाचली की पडद्यावर पाहिली, हेही विचारावे. आणि शक्य तेथे एकेकट्याला न विचारता घरातील सर्वांना एकत्र बसवून विचारावे. कारण आजोबांना ज्याचा राग येतो त्याची बाजू नात घेऊ लागली म्हणजे जी वाक्ये ऐकू येतात, ती कोणत्याही रकान्यात मावणारी नसतात, आणि अभ्यासाचा खरा ऐवज तीच असतात.