वेब-फॉर्ममधील अदृश्य युनिकोड चिन्हे : सीमाभागातील बहुलिपी नोंदींच्या संदर्भात

प्रास्ताविक

बेळगावजवळील येळ्ळूर या गावाचे नाव देवनागरीत लिहिताना संगणक सात चिन्हे साठवतो : य, एकाराची मात्रा, ळ, हलन्त, ळ, दीर्घ उकार आणि र. मात्र हलन्तानंतर 'झिरो विड्थ नॉन-जॉइनर' हे चिन्ह आले असेल तर चिन्हांची संख्या आठ होते. ज्या टंकात ळ्ळ हे जोडाक्षर मुळातच पाय मोडून दाखवले जाते, तेथे दोन्ही रूपे पडद्यावर हुबेहूब सारखी दिसतात. माणसाच्या दृष्टीने गाव एकच; चिन्हाशी चिन्ह ताडून पाहणाऱ्या संगणकाच्या दृष्टीने मात्र दोन. अशा प्रणालीत प्रवेश-अर्जावर एक रूप आणि शिष्यवृत्तीच्या अर्जावर दुसरे रूप असेल, तर विद्यार्थ्याच्या नोंदी जुळत नाहीत. अर्ज तपासणाऱ्या शिक्षकाला त्यात चूक कोठे आहे हे कितीही निरखून पाहिले तरी दिसत नाही.

प्रवेश, परीक्षा आणि शिष्यवृत्ती यांचे ऑनलाइन फॉर्म आज अनेक ठिकाणी शिक्षकच तयार करतात. या दृष्टीने अदृश्य चिन्हांचे कार्य काय, ती कोठे वापरावीत आणि कोठे गाळावीत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अदृश्य चिन्हांचे स्वरूप

युनिकोडमध्ये स्वतःचा आकार नसलेली, परंतु शेजारच्या अक्षरांवर परिणाम करणारी काही चिन्हे आहेत. फॉर्मच्या संदर्भात त्यांचे तीन गट पाडता येतात.

पहिला गट जोडणीचा. 'जॉइनर' (सांकेतांक २००डी) अक्षराचे जोडणीतील रूप घडवतो, तर 'नॉन-जॉइनर' (२००सी) जोडाक्षर होऊ देत नाही. दुसरा गट जागेचा. 'नो-ब्रेक स्पेस' (००ए०) दोन शब्दांना एकाच ओळीत ठेवते, तर 'झिरो विड्थ स्पेस' (२००बी) लांब शब्दाला ओळ मोडण्याची जागा देते. तिसरा गट दिशेचा. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिली जाते, पण तिच्यातील अंक डावीकडून उजवीकडे वाचले जातात. अशा मिश्र मजकुरात कंस, पूर्णविराम यांची जागा चुकू नये म्हणून 'राइट-टू-लेफ्ट मार्क' (२००एफ) वापरतात.

मराठी व कन्नडमधील गरज

ही चिन्हे म्हणजे केवळ कचरा, असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. दुसऱ्या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे साठवला जातो. एका पद्धतीत ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त येतो. दुसऱ्या, जुन्या पद्धतीत साधा र, हलन्त आणि जॉइनर येतो. युनिकोडला दोन्ही मान्य आहेत. पण दुसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या शब्दातील जॉइनर प्रणालीने गाळला, की दऱ्यांचा समुद्र होतो. गोऱ्हे, कुऱ्हाडे यांसारखी आडनावे, तसेच बुऱ्हाणुद्दीन, बुऱ्हाण ही नावे याच संकटात सापडतात. विद्यार्थ्याने आपले नाव बरोबर लिहिले. ते बिघडवले मात्र 'स्वच्छता' करणाऱ्या सूचनेने, अशी ही स्थिती आहे.

कन्नडमध्येही जॉइनर लागतो, पण त्याची जागा वेगळी आहे. 'रॅंक' हा शब्द कन्नड लिपीत लिहिताना र आणि हलन्त यांच्या मध्ये जॉइनर घालावा लागतो. तो न घातल्यास र चे रूप बदलून तो रफारासारखा पुढे सरकतो. म्हणजे मराठीत हलन्तानंतर आणि कन्नडमध्ये हलन्तापूर्वी. ज्या भागात एकाच फॉर्मवर मराठी, कन्नड आणि उर्दू नोंदी येऊ शकतात, तेथे सर्व लिप्यांना एकच सरसकट नियम लावता येत नाही.

संकेतस्थळांच्या नावांबाबत जगाला हाच अनुभव आला. २००३ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत जॉइनर व नॉन-जॉइनर दोन्ही गाळून टाकले जात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित नियमांनी ही चिन्हे हलन्तानंतर आल्यास ग्राह्य धरली.

प्रश्नाच्या बाजूचा वापर

फॉर्मवरील शीर्षके व सूचना शिक्षक स्वतः लिहितो, त्यामुळे तेथे ही चिन्हे हेतुपूर्वक वापरता येतात. '३० एप्रिल' किंवा '५०० रुपये' यांतील अंक आणि शब्द मोबाइलच्या अरुंद पडद्यावर वेगळे होऊ नयेत म्हणून नो-ब्रेक स्पेस उपयुक्त आहे. तिरक्या रेघेने जोडलेल्या लांब शब्दांत रेघेनंतर झिरो विड्थ स्पेस घातल्यास ओळ योग्य ठिकाणी मोडते. ब्राउझरने 'नाव' या चौकटीत आधीचे नाव आपोआप भरू नये म्हणून काही जण शीर्षकाच्या मधोमध अदृश्य चिन्ह घालतात. ही युक्ती टाळावी. दृष्टिहीन विद्यार्थ्याचे वाचक-सॉफ्टवेअर तो शब्द चुकीचा उच्चारू शकते.

उत्तराच्या बाजूची तपासणी

विद्यार्थी जे भरतो ते पुष्कळदा दुसरीकडून उचलून चिकटवलेले असते. संपर्क-यादीतून उचललेल्या मोबाइल क्रमांकासोबत कधी कधी दिशादर्शक चिन्हे येतात आणि दहा अंक बरोबर असूनही क्रमांक नाकारला जातो. याउलट, एखाद्या चौकटीत केवळ झिरो विड्थ स्पेस असेल, तर ती रिकामी असूनही भरलेली मानली जाते. जावास्क्रिप्टमधील 'ट्रिम' ही सूचना नो-ब्रेक स्पेस काढते, झिरो विड्थ स्पेस मात्र काढत नाही. कमाल अक्षरसंख्या ठरवतानाही येळ्ळूरचे सात किंवा आठ होतात, हे ध्यानात ठेवावे लागते.

यासाठी पुढील क्रम सोयीचा ठरतो.

१) मोबाइल क्रमांक, पिनकोड, ई-मेल या चौकटींतून सर्व अदृश्य चिन्हे गाळावीत.
२) नाव, गाव, पत्ता यांतून झिरो विड्थ स्पेस आणि आगेमागे आलेली दिशाचिन्हे काढावीत, जॉइनर व नॉन-जॉइनर यांना हात लावू नये.
३) विद्यार्थ्याने लिहिलेले नाव जसेच्या तसे साठवावे आणि प्रमाणपत्रावर तेच छापावे.
४) जुळणीसाठी त्याच नावाची दुसरी प्रत वेगळ्या रकान्यात ठेवावी. तीत देवनागरीतील र, हलन्त, जॉइनर यांच्या जागी आधी ऱ आणि हलन्त घालावेत. मगच उरलेले जॉइनर व नॉन-जॉइनर गाळावेत. हा क्रम उलटा केल्यास दऱ्या आणि दर्या एक होतील.
५) फॉर्म खुला करण्यापूर्वी येळ्ळूर, गोऱ्हे, बुऱ्हाणुद्दीन अशी नावे निरनिराळ्या कळफलकांवरून भरून पाहावीत. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट आणि जे या कळांनी ऱ मिळतो, हे विद्यार्थ्यांनाही सांगावे.

समारोप

अदृश्य चिन्ह प्रश्नात घालताना ते का घातले हे शिक्षकाला सांगता आले पाहिजे, आणि उत्तरातून काढताना त्याने कोणाचे नाव बिघडणार नाही याची खात्री असली पाहिजे. संगणकाच्या सोयीसाठी नावाची प्रत बदलता येते. मूळ नाव बदलण्याचा अधिकार मात्र फॉर्म तयार करणाऱ्याला नाही. सीमाभागातील विद्यार्थ्याला आपले नाव दोन-तीन लिप्यांत लिहावे लागते. त्यांपैकी प्रत्येक लिपीत ते शुद्ध राहणे ही तांत्रिक बाब असली, तरी तिची जबाबदारी शैक्षणिकच आहे.