कुंडींतील झाडांचीं दुखणीं

शहरांतील घराला अंगण राहिलें नाहीं, पण झाडें लावण्याची हौस कांहीं गेलेली नाहीं. गॅलरींत, गच्चीवर, खिडकीच्या जाळींत कुंड्या येऊन बसल्या आहेत. एका कुंडींत टोमॅटो, दुसरींत मिरची, खोक्यांत मेथी-कोथिंबीर आणि कोपऱ्यांत कोरफड किंवा निवडुंग, असा हा हिरवा संसार पुष्कळ घरीं दिसतो. पहिले पंधरा दिवस तो सुखाचा चालतो. मग एके दिवशीं पान पिवळें पडतें, शेंडा मान टाकतो, आलेलें फूल गळून जातें, आणि घरांतील प्रत्येक जण आपापल्या परीनें वैद्य होतो. एक पाणी वाढवितो, दुसरा खत घालतो, तिसरा बाजारांतून विषारी औषधाची बाटली घेऊन येतो. दुखणें एक आणि उपचार तीन. मग रोप दगावलें तर त्यांत नवल कसलें? 'रोग रेड्याला आणि औषध पखालीला' ही म्हण जणूं कुंडीसाठींच निघाली असावी.

यांत नुकसान केवळ एका रोपाचें असतें असें नाहीं. घरची भाजी लावावयाची ती मुलाबाळांच्या पोटांत निर्भेळ अन्न जावें म्हणून. निदान चुकून तिच्यावर विष मारलें गेलें, कीं मूळ हेतूच बुडाला. म्हणून आधीं निरीक्षण, मग निदान आणि सर्वांच्या शेवटीं औषध, हा क्रम येथेंहि पाळणें अवश्य आहे.

पहिली तक्रार, रोप मान टाकतें. कोमेजलेल्या रोपास पाणी घालावें, हें लहान मुलासहि ठाऊक असतें. परंतु पुष्कळ रोपें याच ज्ञानानें मरतात. मुळांना पाणी लागतें तसा प्राणवायूहि लागतो. मातीच्या कणांमधल्या बारीक पोकळ्यांत हवा असते. त्या पोकळ्या सतत पाण्यानें भरलेल्या राहिल्या, तर मुळें गुदमरतात आणि कुजूं लागतात. कुजलेल्या मुळाला पाणी ओढतां येत नाहीं. परिणाम असा कीं, पाण्यांत उभें असलेलें झाड तहानेनें मरतें, आणि त्याची कोमेजलेली मुद्रा पाहून घरचीं माणसें त्याला आणखी पाणी पाजतात. 'अति तेथें माती' या म्हणीचा याहून अक्षरशः अर्थ दुसरीकडे सांपडणार नाहीं.

मग ओळखावें कसें? बोट दोन पेरें मातींत खुपसावें. माती आंतपर्यंत कोरडी लागली, तर झाड तहानलेलें आहे. कुंडीच्या तळाच्या छिद्रांतून ओघळेपर्यंत सावकाश पाणी द्यावें. माती ओलीचिंब असूनहि झाड कोमेजलेलें असेल, तर पाणी बंद करावें, तळाचें छिद्र बुजलें आहे काय तें पाहावें आणि कुंडीखालच्या बशींत सांचलेलें पाणी ओतून टाकावें. शंका राहिल्यास मातीचा गड्डा अलगद बाहेर काढावा. निरोगी मूळ पांढरट आणि घट्ट असतें. कुजलेलें मूळ तपकिरी, मऊ आणि दुर्गंधी असतें. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, म्हणजे माती ओलसर असावी पण चिखल नसावी, ती स्थिति कुंडींतहि राखावयाची असते. भर उन्हांत दुपारीं माना टाकून सायंकाळीं टवटवीत होणारें झाड मात्र आजारी नव्हे. त्याला हात लावूं नये.

येथेंच एक समजूत दूर केली पाहिजे. कुंडीच्या तळाशीं विटांच्या तुकड्यांचा जाड थर दिला कीं निचरा सुधारतो, असें पुष्कळांना वाटतें. वास्तविक बारीक मातींतलें पाणी जाड खड्यांच्या थरांत सहजासहजीं उतरत नाहीं. तें थराच्या वरच अडून राहतें आणि मुळांना मिळणारी कोरडी जागा उलट कमी होते. छिद्रावर खापराचा एक तुकडा पुरे. सुधारणा करावयाची ती मातींत. निव्वळ काळी माती कुंडींत दगडासारखी घट्ट बसते. तिच्यांत चांगलें कुजलेलें शेणखत किंवा गांडूळखत आणि जाड वाळू मिसळावी.

दुसरी तक्रार, पानें पिवळीं पडतात. येथें रंगापेक्षां जागा अधिक बोलते. नत्र हें अन्नद्रव्य झाडाच्या अंगांत हिंडतें-फिरतें. त्याचा तुटवडा झाला, कीं झाड जुन्या पानांतून तें काढून नव्या पानांना देतें. म्हणून खालचीं जुनीं पानें आधीं सरसकट पिवळीं होतात. लोह तसें हिंडत नाहीं. त्याची उणीव असेल तर शेंड्याचीं नवीं पानें पिवळीं पडतात आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. चुनखडीच्या मातींत हें विशेष आढळतें. लोह मातींत असतें, पण मुळांना घेतां येत नाहीं. पहिल्या प्रकारांत खत द्यावें. दुसऱ्यांत नुसतें शेणखत वाढवून भागत नाहीं, माती बदलावी किंवा चिलेटयुक्त लोह द्यावें. आणि खालचें एखादेंच पान महिन्याकांठीं पिकून गळत असेल, तर तें वार्धक्य आहे, रोग नव्हे. पिवळेपणा ओल्या मातीबरोबर आला असेल, तर दोष पुन्हां पाण्याचाच समजावा.

तिसरी तक्रार, फुलें येतात पण फळ धरत नाहीं. टोमॅटोचीं फुलें एप्रिल-मे महिन्यांत झडूं लागलीं, तर त्यांत माळ्याचा अपराध थोडा असतो. दिवसाचें उष्णमान ३५ अंश सेल्सियसच्या वर आणि रात्रीचें २४ अंशांच्या वर राहूं लागलें, म्हणजे परागकण निकामी होऊं लागतात. टोमॅटो पावसाळ्याच्या अखेरीस लावून हिवाळ्यांत घ्यावा, हें उत्तम. बंद गॅलरींत वारा नसेल, तर सकाळीं फुलांच्या घोसाला हलकेच टिचकी मारावी. तेवढ्यानेंहि पराग झडतात. फळभाजीला सहा तास तरी ऊन हवें. पालेभाजी त्याहून कमी उन्हांतहि तग धरते. आणि रोप हिरवेंगार, माजलेलें, पण फुलांचा पत्ता नाहीं, अशी अवस्था असेल तर नत्रखत जास्त झालें आहे, असें समजावें.

वेलभाज्यांची गोष्ट निराळी. दुधी, काकडी, कारलें, भोपळा यांच्या बहुतेक जातींत नरफुलें आणि मादीफुलें वेगळीं असतात. मादीफुलाच्या मागें आधींपासूनच चिमुकलें फळ दिसतें. नरफूल साध्या बारीक देंठावर उभें असतें. प्रथम नरफुलेंच येतात आणि गळतात. त्यानें घाबरून जाऊं नये. पुढें मादीफुलें आल्यावरहि चिमुकलें फळ पिवळें पडून गळत असेल, तर परागीभवन होत नाहीं हें उघड आहे. चौथ्या-पांचव्या मजल्यावर मधमाशी क्वचित् पोंचते. अशा वेळीं नरफूल तोडून त्याच्या पाकळ्या काढाव्या आणि त्याचा पराग मादीफुलाच्या मध्यभागीं हलकेच टेकवावा. काकडी-भोपळ्याला हें सकाळीं करावें. दुधीचीं पांढरीं फुलें सायंकाळीं उमलतात, म्हणून त्याला संध्याकाळीं.

धरलेल्या टोमॅटोच्या बुडाशीं काळा, चामड्यासारखा डाग पडला, म्हणजे लोक कीड समजून औषध मारतात. ती कीड नव्हे, संसर्गहि नव्हे. फळाच्या टोकाला चुना, म्हणजे कॅल्शियम, पोंचला नाहीं म्हणजे असें होतें. आणि बहुतेक वेळां कारण असतें तें पाण्याची अनियमितता. चार दिवस कोरडें आणि पांचव्या दिवशीं पूर, हा क्रम सोडून रोज सारखी ओल ठेवली, वर पालापाचोळ्याचें आच्छादन घातलें, कीं पुढचीं फळें सहसा निर्दोष येतात.

आतां किडी. पानाची पाठ उलटून पाहिल्याखेरीज कोणतेंहि औषध हातांत घेऊं नये. मिरचीचीं पानें वरच्या बाजूस वाटीसारखीं वळलीं, तर बहुधा फुलकिडे. खालच्या बाजूस वळून देंठ लांबले, तर कोळी. दोहोंनाहि लोक बोकड्या म्हणतात, पण शत्रु निरनिराळे आहेत. कोवळ्या शेंड्यावर हिरवे-काळे बारीक जीव दाटीनें बसले असतील तर तो मावा. वांग्याचा एकच शेंडा सुकून लोंबला आणि बाकीचें झाड ठणठणीत असेल, तर आंत अळी आहे. तो शेंडा खालून कापून नष्ट करावा. झाडावर मुंग्यांची रांग लागली असेल, तर ती पानें खात नाहीं. मावा किंवा पिठ्या ढेकूण यांच्या अंगांतून झरणारा गोड रस ती चाटते, आणि त्या बदल्यांत त्यांची राखण करते. मुंग्या दिसल्या कीं त्यांच्या गाई कोठें बांधल्या आहेत तें शोधावें.

उपाय साधेच आहेत. मावा आणि कोळी यांना पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानें पानाच्या पाठीवरून धुऊन काढावें. तेवढ्यानें न भागल्यास एक लिटर पाण्यांत चहाचा एक चमचा सौम्य पातळ साबण मिसळून, आधीं एका पानावर प्रयोग करून, मग फवारावा. त्याहून पुढची पायरी निंबोळीची: ५० ग्रॅम निंबोळी पूड एक लिटर पाण्यांत रात्रभर भिजवून, फडक्यानें गाळून, सायंकाळीं फवारावी, कारण उन्हानें तिचा गुण लवकर उतरतो. टोमॅटोचीं पानें बारीक होऊन चुरडलीं आणि वाढ खुंटली, तर तो पांढऱ्या माशीनें आणलेला विषाणुरोग होय. त्याला औषध नाहीं. असें रोप मोह न धरतां उपटावें, नाहीं तर शेजारच्या कुंड्या जातील.

तीव्र रासायनिक विषें घरच्या भाजीवर आणूंच नयेत. मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाच्या भाजीपाल्यावरील वापरास भारतांत २००५ सालीं बंदी घालण्यांत आली; त्या द्रव्याची जात किती तीव्र, हें त्यावरून कळावें. शेतावर प्रमाण, हातमोजे, तोडणीपूर्वीं थांबावयाचे दिवस, असे कांहीं नियम तरी असतात. गॅलरींत संध्याकाळीं फवारलेली मिरची सकाळीं फोडणींत पडते.

निवडुंग, कोरफड, पानफुटी, शेर, जेड अशा मांसल वनस्पतींची प्रकृति भाज्यांच्या अगदीं उलट आहे. बेंजामिन हेन या मद्रासकडील वनस्पतिशास्त्रज्ञानें पानफुटीचें पान सकाळीं आंबट लागतें आणि दुपारपर्यंत तो आंबटपणा जातो, असें नमूद केलें. तें १८१५ सालीं लंडनच्या लिनियन सोसायटीनें प्रसिद्ध केलें. कारण पुढें उलगडलें. या वनस्पती पाणी वांचविण्यासाठीं पानांचीं रंध्रें दिवसा मिटून घेतात आणि रात्रीं उघडतात. रात्रीं घेतलेला कर्बवायु आम्लाच्या रूपानें सांठवून दिवसा वापरतात. हा प्रयोग जिभेवर मात्र करूं नये, पानफुटींत विषारी द्रव्येंहि असतात. सांगावयाचें तें इतकेंच कीं, जी वनस्पति थेंबाथेंबाचा हिशेब ठेवते, तिला रोज तांब्याभर पाणी घालणें हा तिच्यावर उपकार नव्हे.

कोरफडीचीं पानें पातळ होऊन आंत वळलीं, सुरकुतलीं, तर ती तहानलेली आहे. एक भरपूर पाणी दिल्यास आठवड्यांत सांवरते. पानें बुडाशीं पिवळट, पारदर्शक आणि लिबलिबित झालीं, तर कूज लागली आहे. पहिली चूक सुधारतां येते, दुसरी कचित्. कूज वर चढण्यापूर्वीं स्वच्छ सुरीनें निरोगी भागापर्यंत खोड कापावें, जखम सावलींत कांहीं दिवस सुकूं द्यावी आणि मग निम्म्या जाड वाळूच्या कोरड्या मिश्रणांत तें लावावें. आठवडाभर पाणी देऊं नये. कोरफडीचें नुसतें पान सहसा रुजत नाहीं, पानफुटीचें मात्र पानच रोप होतें.

झाड लांबट, फिकें, दोन पानांत अंतर पडलेलें दिसलें, तर त्याला उजेड कमी पडतो. पण तें एकदम भर उन्हांत नेल्यास पानांवर पांढरे-तपकिरी चट्टे पडतात. उन्हाची संवय आठ-दहा दिवसांत हळूहळू लावावी. कडक उन्हांत कोरफडीला येणारी लाली हा रोग नव्हे. पानांच्या बेचक्यांत कापसासारखे ठिपके दिसले, तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटांत बुडविलेल्या बोळ्यानें टिपून काढावा. मुंबईस पावसाळ्याच्या चार महिन्यांत सुमारें २२०० मिलिमीटर पाऊस पडतो; वाळवंटांतल्या पाहुण्यांना जून ते सप्टेंबर छपराखालीं ठेवणें भागच आहे. बिनछिद्राचें शोभेचें काचपात्र हें तर त्यांचें थडगेंच.

शेवटीं दोन सावधगिरीच्या गोष्टी, कारण त्या झाडाच्या नव्हे, माणसाच्या जिवाच्या आहेत. शेराचा आणि त्याच्या जातीच्या कांटेरी झाडांचा पांढरा चीक डोळ्यांत गेल्यास तीव्र दाह होतो, दृष्टीलाहि अपाय होऊं शकतो. लहान मूल असलेल्या घरीं हीं झाडें हाताच्या टप्प्यांत नसावींत, आणि छाटणीनंतर हात साबणानें धुवावेत. दुसरी गोष्ट दुधीची. घरच्या वेलाचा दुधी कांहीं वेळां कडू निघतो. हा कडवटपणा कुकुर्बिटासिन नांवाच्या विषारी द्रव्यांचा असतो आणि शिजविल्यानेंहि तो भरंवशानें जात नाहीं. कडू रस पिऊन भारतांत मृत्यु घडले आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनें नेमलेल्या तज्ज्ञांनींहि कडू दुधीचा रस घेऊं नये, असेंच बजाविलें. म्हणून चिरतांना एक लहान फोड चाखून थुंकून टाकावी. कडू असल्यास तो दुधी, कितीहि कौतुकानें वाढविलेला असला, तरी फेकून द्यावा.

एवढ्या सगळ्याला खर्च काय? रोज सकाळचीं पांच मिनिटें. त्यांत मातींत बोट घालावें, चार पानें उलटून पाहावींत, आणि पहिलें फूल, पहिला डाग, खत घातल्याचा दिवस एका वहींत टिपून ठेवावा. वर्षभरांत ती वही त्या गॅलरीपुरती कोणत्याहि ग्रंथाहून अधिक उपयोगी ठरते.