वेणी शेवटी बारीक का होते?

आळंदीला बाहेरगावाहून येणाऱ्या माणसांचे ढोबळमानाने दोन प्रकार. एक माउलींच्या समाधीच्या दर्शनाला येणारा आणि दुसरा लग्नाला येणारा. गावात मंगल कार्यालयं इतकी आहेत, की दाट तिथीला एका कार्यालयातली सनई कुठे संपते आणि शेजारची कुठे सुरू होते, ते कळत नाही. अशा लग्नात नवरीच्या खोलीत डोकावलं तर एक वस्तू बहुतेक वेळा दिसते, ती म्हणजे गंगावन. नवरीचे स्वतःचे केस चांगले कमरेपर्यंत असले तरी ते वेणीत गुंफलं जातं. कारण विचारलं तर करवल्या सांगतात, "वर भरगच्च आहेत हो केस, पण खाली शेंडा अगदीच बारीक दिसतो."

ही तक्रार घरोघरची आहे. वेणीचा वरचा पेड मनगटाएवढा आणि शेवटी उंदराची शेपटी. शाळकरी मुलीच्या दोन वेण्यांतली एक जाड, एक बारीक. समोरचे केस खांद्यापाशीच थांबलेले, मागचे मात्र कमरेवर. मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमात केस मोकळे सोडून दाखवायला लावत, त्या काळात या बारीक शेंड्याने कितीतरी मुलींना खाली मान घालायला लावली असेल. आता ते दिवस बरेचसे गेले, पण काळजी गेलेली नाही. तिच्यावर तेलांचा, गोळ्यांचा आणि नाना प्रकारच्या उपचारांचा मोठा बाजार उभा आहे. म्हणून आधी हे पाहायला हवं, की निमुळती वेणी हा मुळात आजार आहे का.

केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, म्हणजे वर्षाला सुमारे 12 सेंटीमीटर. कुणाचा थोडा जास्त, कुणाचा थोडा कमी. डोक्यावर असे सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केसाला त्याचं त्याचं आयुष्य असतं. काही वर्षं तो वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, पुढे साधारण तीन महिने तो नुसता मुळाशी टिकून राहतो आणि शेवटी गळतो. त्याच जागी नवा केस उगवतो. वाढीचा काळ बहुतेकांमध्ये दोन ते सहा-सात वर्षांचा असतो. जनावरं ऋतुमानाप्रमाणे एकदम कात किंवा केस टाकतात, तसं माणसाचं होत नाही. आपला प्रत्येक केस आपापल्या वेळापत्रकाने चालतो. त्यामुळे कोणत्याही दिवशी डोक्यावरचे 85 ते 90 टक्के केस वाढत असतात, उरलेले गळायच्या वाटेवर असतात. रोजचे 50 ते 100 केस जाणं हे नेहमीचंच.

आता एक गावातली शाळा डोळ्यांसमोर आणा. पहिली ते पाचवी, प्रत्येक वर्गात वीस मुलं, एकूण शंभर. पहिलीत पाऊल टाकलेली मुलं किती? सगळी शंभर. पहिली पार केलेली? ऐंशी. दुसरी पार केलेली साठ, तिसरी पार केलेली चाळीस आणि चौथी पार करून पाचवीत बसलेली फक्त वीस. शाळेत कुणी नापास झालेलं नाही, कुणी शाळा सोडलेली नाही, पट पूर्ण भरलेला आहे. तरीही पाचवीपर्यंत पोचलेले वीसच.

डोक्याचंही असंच असतं. केसाचं वाढीचं आयुष्य पाच वर्षं धरलं, तर त्याची जास्तीत जास्त लांबी 60 सेंटीमीटर. मुळाशी शंभर केस असतील, तर 12 सेंटीमीटरच्या पलीकडे त्यांतले ऐंशीच पोचलेले असतात, 24 च्या पलीकडे साठ, 36 च्या पलीकडे चाळीस आणि 48 च्या पलीकडे वीस. एकही केस अवेळी न गळता, न तुटता, वेणी अशी उतरत्या भाजणीने बारीक होत जाते. वेणी जितकी आपल्या शेवटच्या लांबीजवळ जाईल, तितका तिचा शेंडा विरळ. प्रत्यक्षात सगळ्या केसांचं आयुष्य सारखं नसतं, त्यामुळे ही उतरण इतकी सरळ नसते, पण तत्त्व हेच.

हे आयुष्य किती असायचं, ते मुख्यतः आनुवंशिकतेने ठरतं. एकीचे केस खांद्याखाली चार बोटं जाऊन थांबतात, दुसरीचे गुडघ्याला लागतात. उत्तर प्रदेशातल्या स्मिता श्रीवास्तव यांच्या केसांची लांबी 2023 मध्ये 236.22 सेंटीमीटर नोंदवली गेली आणि गिनीजच्या पुस्तकात गेली. वर्षाला 15 सेंटीमीटर वाढ धरली, तरी त्यांच्या डोक्यावरचे काही केस पंधरा-सोळा वर्षं न गळता वाढत राहिले असले पाहिजेत. हे कुठल्या तेलाने साधत नाही.

दुसरं कारण तर अगदी साधं आहे आणि तेवढ्याचसाठी ते कुणाच्या ध्यानात येत नाही. सगळ्या केसांचा प्रवास एकाच ठिकाणाहून सुरू होत नाही. वेणी घातली जाते मानेपाशी. मानेवरचा केस उगवल्या उगवल्या वेणीत हजर. कपाळावरचा केस मात्र अख्खं डोकं ओलांडून तिथे पोचतो आणि त्यात त्याचे वीस-पंचवीस सेंटीमीटर खर्ची पडतात. कार्तिकी एकादशीला चाकणहून निघालेला आणि मराठवाड्यातून निघालेला वारकरी सारखेच चालले, तरी इंद्रायणीच्या घाटावर एकाच दिवशी पोचत नाहीत, तसंच हे. त्यात भर म्हणजे कपाळाजवळच्या आणि कानशिलांवरच्या केसांचं आयुष्य बऱ्याच जणींत मुळातच कमी असतं. भांग एका बाजूला पाडण्याची सवय असेल तर एकीकडे केस जास्त जातात, आणि शाळकरी मुलीच्या दोन वेण्या असमान होतात. त्यावर उपाय भांग मध्ये पाडणं एवढाच.

आतापर्यंत सांगितलं ते निसर्गाचं गणित. तिसरं कारण आपल्या हातचं असतं, ते म्हणजे झीज. केसाच्या बाहेरून कौलांसारखे एकमेकांवर चढलेले सूक्ष्म पापुद्रे असतात. 60 सेंटीमीटर वेणीचं टोक पाच वर्षांचं जुनं असतं. दिवसातून दोनदा विंचरलं, तर त्या टोकावरून साडेतीन हजारांहून अधिक वेळा कंगवा फिरलेला असतो. तेवढ्यात कौलं सरकतात, फुटतात आणि आतला गाभा उघडा पडून केसाला फाटे फुटतात. ओला केस अधिक ताणला जातो आणि चटकन तुटतो. तरी आपल्याकडे न्हाणं झालं की ओले केस पंच्याने फटाफट झटकायची पद्धत. ती बघवत नाही, पण ती करणाऱ्या आज्यांचे केस लांब होते, असं उत्तर लगेच मिळतं. त्या आज्या आठवड्यातून एकदाच न्हात होत्या आणि केस सरळ करायचं गरम यंत्र त्यांच्याकडे नव्हतं, हेही लक्षात घ्यायला हवं.

चाकण, भोसरीच्या कारखान्यांत यंत्रांवर काम करणाऱ्या मुलींना केस घट्ट बांधून टोपीखाली घ्यावे लागतात. सुरक्षिततेसाठी ते आवश्यकच आहे, मोकळा केस यंत्रात गेला तर अनर्थ होतो. पण आठ-आठ तास कानशिलांवर ताण राहिला, तर तिथले केस विरळ होत जातात. वर्षानुवर्षं असंच चाललं तर मुळंच कायमची निकामी होतात. टोपीखाली सैल अंबाडा किंवा सैल वेणी चालते आणि कामावरून सुटल्यावर रबर काढून टाकावं.

याच पट्ट्यात, मोशी-चऱ्होलीकडच्या नव्या वसाहतींत, टँकरच्या आणि बोअरच्या पाण्याला नावं ठेवली जातात. जड पाण्यात साबणाचा राप केसांवर बसतो, ते राठ होतात, गुंता वाढतो आणि विंचरताना तुटतात, हे खरं. पण मुळापासून केस गळण्याचं खापर पाण्यावर फोडण्याइतका पुरावा नाही.

केस गळला की तुटला, हे घरी ओळखता येतं. गळलेल्या केसाच्या एका टोकाला इवलासा पांढरा ठिपका असतो, तुटलेल्याला तो नसतो. तसंच डोक्यावर उभे राहणारे आखूड केस पाहा. त्यांचं टोक निमुळतं आणि मऊ असेल तर तो नव्याने उगवलेला केस आहे, चिंता नको. टोक बोथट किंवा फाटलेलं असेल तर तो मध्येच तुटलेला.

या निमुळत्या टोकातच आपल्या एका जुन्या समजुतीचं उत्तर आहे. बाळाचं जावळ काढलं की केस दाट येतात, असं म्हणतात. जावळाच्या केसाला निसर्गतः निमुळतं टोक असतं. वस्तऱ्याने कापलं की तिथे बोथट बुंधा राहतो आणि हाताला तो राठ, जाड लागतो. केसांची संख्या आहे तेवढीच राहते. अमेरिकेत मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी 1928 मध्येच प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दाढी केल्याने केसांची जाडी वा वेग वाढत नसल्याचं दिसलं होतं. "खालून थोडे कापले की भराभर वाढतात" हे त्यातलंच. कात्री लागते तो भाग निर्जीव असतो, तिथली खबर मुळाला लागत नाही. मात्र कापल्याने वेणी भरघोस दिसते, हे खरंच आहे. वरच्या उदाहरणात 36 सेंटीमीटरवर केस राखले, तर शेंड्याला वीसऐवजी चाळीस केस राहतील. लांबी हवी की भरदारपणा, याची निवड ज्याची त्याने करावी. दोन्ही पूर्ण मिळणं फार थोड्या जणींच्या वाट्याला येतं.

कधीकधी वेणी हळूहळू बारीक न होता मध्येच एकदम पायरी पडल्यासारखी बारीक होते. तिचा अर्थ वेगळा. टायफॉइड, डेंग्यू, कोविड यांसारखा तापाचा आजार, मोठी शस्त्रक्रिया, उपासमारीसारखं वजन उतरवणं, जबर मानसिक धक्का, यांनी बरेच केस एकाच वेळी वाढ थांबवतात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. बाळंतिणीचंही तेच. गरोदरपणात संप्रेरकांमुळे केस गळायचे थांबलेले असतात, ते नंतर एकत्र जातात. बाळ आईला ओळखू लागलं की आईचे केस गळतात, असं काही घरांत म्हणतात ते यामुळेच, बाळाचा त्यात काही दोष नाही. पुढे हे सगळे केस एकदम उगवतात आणि एका रांगेत वाढतात. म्हणून मुळापासून 30 सेंटीमीटरपर्यंत वेणी जाड आणि पुढे एकदम बारीक दिसली, तर अडीचेक वर्षांपूर्वी काय झालं होतं ते आठवून पाहावं. बहुधा काहीतरी सापडतं. असे केस आपोआप भरून येतात, थांबावं लागतं एवढंच.

थांबू नये अशाही काही गोष्टी आहेत. भांग रुंद होत चालला, रुपयाएवढी चाई पडली, सहा महिन्यांनंतरही गळणं थांबलं नाही, तर डॉक्टरांकडे जावं आणि आधी हिमोग्लोबिन, लोहाचा साठा व थायरॉइड तपासावं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या होत्या. अशा घरात महागड्या तेलाच्या बाटलीपेक्षा ही तपासणी आधी व्हायला हवी. आणि 2025 च्या सुरुवातीला बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या काही गावांत घडलं तसं, आठवड्याभरात डोकी उजाड होऊ लागली, तर तो केसांच्या आयुष्याचा भाग नव्हेच. तिथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या रक्तात, केसांत आणि खाण्यातल्या गव्हात सेलेनियम जास्त असल्याचं मांडलं.

पुन्हा गंगावनाकडे येऊ. ते वरपासून खालपर्यंत सारखं जाड कसं? कारण ते डोक्यावर तसं उगवलेलंच नसतं. खऱ्या केसांचं असेल तर लांबीनुसार केस निवडतात आणि आखूड केस हाताने ओढून बाजूला काढतात. गल्लीत भांड्यांच्या बदल्यात गुंतवळ नेणाऱ्या बायका येतात, तो गुंतवळही शेवटी अशा निवडीच्या ठिकाणी जातो. स्वस्तातलं गंगावन तर नायलॉनचं. नवरीच्या वेणीची तुलना आपण अशा निवडून बांधलेल्या जुडीशी करत असतो.

निमुळती न होणारी आणखी एक गोष्ट डोक्यावर असू शकते, ती जट. केस न विंचरता राहिले, की गळालेले केस खाली पडत नाहीत, गुंत्यात अडकून राहतात. नवे उगवतात, तेही त्यातच गुरफटतात. म्हणून जट एका केसाच्या आयुष्याहून कितीतरी लांब होते आणि शेवटपर्यंत जाड राहते. साध्या वेणीला न जमणारी ही लांबी बघून माणसं तिला देवीचा कौल मानतात, आणि बाईच्या संमतीनेही ती कापायला घरातले धजत नाहीत. मान दुखते, झोप लागत नाही, डोक्यात उवा आणि जखमा होतात, तरी ती सोसते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी, विशेषतः पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी, घरच्यांशी बोलून, त्यांची भीती घालवून अशा अनेक स्त्रियांच्या जटा सोडवल्या आहेत. कापलेल्या जटेत बहुतांश केस वर्षांपूर्वीच मुळापासून सुटलेले असतात. जट गेल्यावर त्या बाईच्या डोक्यावर पुन्हा महिन्याला एक सेंटीमीटरच्या वेगाने केस येतात. वर्षभरात ते कानाखाली पोचतात, आणि पुढच्या तीन-चार वर्षांत तिलाही वेणी घालता येते, इतरांसारखीच, खाली बारीक होत जाणारी.