मरणानंतरची शिकवणी

लासुर्णे परिसरात रात्री-अपरात्री कोणाच्या छातीत कळ आली की गाडी अजूनही बारामतीच्या दिशेनं निघते. त्याच बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू आहे. एमबीबीएसला आलेल्या मुलांची पहिल्याच वर्षी गाठ पडते ती डिसेक्शन हॉलशी. फॉर्मलिननं डोळे चुरचुरतात, आणि समोर टेबलावर माणसाचा देह असतो. अनेक महाविद्यालयांत आता मुलं चिमटा उचलण्याआधी या देहाचा मान राखण्याची शपथ घेतात.

इथं काय शिकायला मिळतं? कमरेवरच्या इंजेक्शनचंच घ्या. सुई नितंबाच्या वरच्या, बाहेरच्या बाजूलाच द्यायची, हे पुस्तकात पाठ होतं. पण कातडी, चरबी आणि ग्लुटियस मॅक्सिमस हा जाडजूड स्नायू बाजूला सारला, की खाली अंगठ्याएवढी जाड सायटिक नस दिसते. सुई तिला लागली तर पाय लुळा पडू शकतो. बहुतेकांत ही नस पिरिफॉर्मिस नावाच्या स्नायूखालून बाहेर येते. काहींत मात्र तिचा एक भाग त्या स्नायूतूनच आरपार जातो. म्हणजे शेजारच्या टेबलावर वेगळीच रचना सापडू शकते. थ्रीडी पडदे उजळणीला उत्तम आहेत, पण स्नायूवरचा पापुद्रा सोडवताना किती जोर लावायचा, हे बोटांनाच कळावं लागतं. पडद्यावर भागवून घेणं मला तरी धोक्याचं वाटतं.

हे देह येतात कुठून? १९४९ च्या शरीरशास्त्र कायद्यानुसार बेवारस मृतदेह महाविद्यालयांना देता येतात. दुसरा मार्ग देहदानाचा. हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीत जन्मलेले समाजसेवक नानाजी देशमुख २०१० मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे देह वैद्यकीय शिक्षणासाठी देण्यात आला.

गावात खरी अडचण वेगळीच असते. सासरी गेलेली लेक पोहोचेपर्यंत माती थांबवायची, ही आपली रीत. देह मात्र काही तासांत महाविद्यालयात पोहोचवावा लागतो, कारण उशीर झाला की रक्तवाहिन्यांतून फॉर्मलिन नीट पसरत नाही. शिवाय तिसऱ्या दिवशी सावडायला राख नसते. म्हाताऱ्या आईला ते सोसत नाही, आणि तिचं दुःख अडाणीपणाचं म्हणून झटकून टाकणाऱ्यांशी मी सहमत नाही. घरच्यांना अंत्यदर्शन घेता येतं, दहावा-तेरावाही करता येतो, हे तिला कोणीतरी जवळ बसून सांगायला हवं.

पोस्टमॉर्टेम झालेला किंवा काही संसर्गजन्य आजारांनी गेलेल्यांचा देह सहसा घेत नाहीत. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला लागतो. नेत्रदान आधी झालं तरी देहदान करता येतं. आणि हयातीत अर्ज भरून ठेवला असला, तरी त्या दिवशी वारसांनी नकार दिला तर देह महाविद्यालयापर्यंत जात नाही. त्यामुळे अर्जाची प्रत कपाटात ठेवण्याआधी मुला-सुनांना, लेकी-जावयांना एकदा समोर बसवून ती वाचून दाखवावी.