बाबांचं 7,905 रुपयांचं मोबाइल बिल: रोमिंग नक्की कुठे सुरू होतं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. आजची सुरुवात एका बिलापासून.

माझ्या बाबांचं मोबाइल बिल दर महिन्याला 471 रुपये येतं. 399 चा पोस्टपेड प्लॅन आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. मागच्या वर्षी एका महिन्यात ते 7,905 रुपये आलं. बाबा अंबड एमआयडीसीतून रिटायर झालेले. लाइट बिलातले युनिट मीटरशी ताडून मगच पैसे भरणारा माणूस. त्यांनी बिल माझ्यासमोर ठेवलं आणि एवढंच म्हणाले, "तू सांगितलंस तसंच केलं होतं मी."

आणि खरंच तसंच केलं होतं. गोची तिथेच होती.

झालं असं, की बाबा आणि त्यांचे मित्र नेपाळच्या यात्रेला निघाले होते. नाशिकरोडहून रेल्वेनं गोरखपूर, तिथून बसनं सोनौली, मग सीमा ओलांडून लुंबिनी, पोखरा, काठमांडू. प्लॅटफॉर्मवर मी त्यांना सांगितलं होतं, "सीमेची कमान ओलांडलीत की फोन एअरप्लेन मोडवर टाका. हॉटेलात वायफाय मिळालं की फोन करा." त्यांनी कमान ओलांडताना फोन एअरप्लेन मोडवर टाकला आणि परत येईपर्यंत काढला नाही. तरीही बिलात ओळ होती: आंतरराष्ट्रीय रोमिंग, डेटा 45 एमबी, 6,300 रुपये. त्यावर पुन्हा जीएसटी. तारीख होती आदल्या रात्रीची, म्हणजे ते सोनौलीला भारताच्या बाजूच्या लॉजमध्ये झोपलेले असतानाची!

हे कसं झालं ते समजून घ्यायचं, तर आधी एक साधा प्रश्न विचारू.

फोन "बाहेर" आहे, हे कोण ठरवतं?

आपल्याला वाटतं, गाव सोडलं की रोमिंग, लांब गेलं की जास्त रोमिंग. पण फोनला अंतर कळत नाही. त्याला फक्त टॉवरचा नंबर कळतो.

प्रत्येक सिममध्ये साधारण 15 आकडी एक ओळख नंबर असतो. हा आपला मोबाइल नंबर नव्हे, वेगळा. त्यातले पहिले तीन आकडे देशाचे. भारताचे 404 किंवा 405, नेपाळचे 429. पुढचे दोन किंवा तीन आकडे कंपनी आणि सर्कल सांगतात. उदाहरणार्थ, एअरटेलचा महाराष्ट्रासाठी 404-90, तर मुंबईसाठी 404-92. टॉवरसुद्धा असाच आपला नंबर सतत सांगत असतो. फोन दोन्ही नंबर जुळवून बघतो. जुळले तर घरी, नाही जुळले तर पाहुणा. रोमिंग म्हणजे मुळात एवढंच.

आता तुम्ही म्हणाल, एकाच राज्यात दोन नंबर कसे? कारण टेलिकॉमच्या नकाशावर मुंबई महाराष्ट्रात नाही. म्हणजे रागावू नका, पण लायसन्स वाटताना मुंबईचं सर्कल वेगळं केलं आणि उरलेला महाराष्ट्र गोव्याबरोबर जोडला. त्यामुळे टेलिकॉमच्या हिशेबात नाशिक आणि पणजी एका घरात, नाशिक आणि मुंबई मात्र शेजारी.

पंचवटी एक्स्प्रेसनं रोज मुंबईला जाणाऱ्या जुन्या लोकांना विचारा. बीएसएनएलचं सिम मुंबईत पोहोचलं की एमटीएनएलच्या नेटवर्कवर जायचं, कारण तेव्हा मुंबईत सरकारी सेवा बीएसएनएलची नव्हती, एमटीएनएलची होती. आयडिया नाशिकमध्ये कितीतरी आधीपासून होती, पण मुंबईत आली 2008 साली. तोपर्यंत आयडियाचं नाशिकचं सिम मुंबईत दुसऱ्याच कंपनीच्या टॉवरचं पाहुणं असायचं.

मग देशातलं रोमिंग फुकट कसं झालं?

देशात 1995 साली मोबाइल आला तेव्हा आलेल्या कॉलचेही पैसे पडायचे. 2003 मध्ये घरच्या सर्कलमध्ये इनकमिंग फुकट झालं, पण सर्कलबाहेर पैसे पडतच राहिले. "रोमिंगमध्ये आहे, नंतर बोलतो" हे वाक्य त्या काळात कुणी म्हटलं नाही?

पुढे ट्रायनं कमाल दर खाली आणले. 2013 मध्ये रोमिंगमधल्या इनकमिंगची मर्यादा मिनिटाला 75 पैसे होती, 1 मे 2015 पासून ती 45 पैसे झाली. 2016 च्या सप्टेंबरमध्ये जिओ आलं तेच मुळी रोमिंगचा चार्ज न ठेवता. 2017 च्या एप्रिलपासून एअरटेलनंही देशातलं रोमिंग काढून टाकलं. स्पर्धाच अशी झाली, की बाकीच्यांनाही पर्याय उरला नाही.

पण एक लक्षात घ्या. चार्ज गेला, रोमिंग गेलं नाही. फोन अजूनही नंबर जुळवतो, आणि सापुताऱ्याला गेलात की काही फोनवर अजूनही छोटा आर दिसतो. फक्त दोन्ही बाजूंचा टॉवर बहुतेक वेळा एकाच कंपनीचा असतो. पैसे डाव्या खिशातून उजव्या खिशात, म्हणून ते आपल्याकडे मागितले जात नाहीत. बाबांचा फोन नाशिकरोडपासून गोरखपूरपर्यंत तीन सर्कलमधून, हजारावर किलोमीटर गेला. एक पैसा लागला नाही. नंतर लागले ते काहीशे मीटरच्या फरकानं.

देशाबाहेर पैसे नक्की कशाचे?

परदेशी टॉवरवर गेलात की दोन वेगळ्या कंपन्या आल्या. तिथली कंपनी आधी तुमच्या कंपनीला विचारते, "हे गिऱ्हाईक तुमचं का? सेवा देऊ का?" होकार आला की सेवा सुरू. मग तिथली कंपनी वापराच्या नोंदी इकडे पाठवते आणि ठरलेल्या घाऊक दरानं पैसे मागते. आपली कंपनी त्यावर स्वतःचा भाव लावून आपल्याला बिल देते. आपल्याला दिसतो तो फक्त शेवटचा आकडा.

गंमत म्हणजे, तुमचा डेटा सहसा त्या देशातून थेट इंटरनेटवर जातच नाही. आधी भारतात तुमच्या कंपनीच्या यंत्रणेकडे येतो, तिथून पुढे. म्हणून रोमिंगमध्ये नेट जरा रेंगाळतं, आणि वेबसाइटला तुम्ही भारतातच बसलाय असं वाटतं.

ह्यात पॅक घेतलेला असेल तर तुम्ही आधीच ठोक भाव ठरवलेला असतो. नसेल तर सुट्टा भाव लागतो. रेल्वेत पास न काढता दंडासकट तिकीट काढावं तसा. बाबांना लागलेला भाव 45 एमबीला 6,300, म्हणजे एका एमबीला 140 रुपये. हल्लीच्या फोनमधला एक फोटो तीन-चार एमबीचा असतो, तुम्हीच गुणाकार करा.

युरोपीय संघानं 15 जून 2017 पासून कायदाच केला, की संघातल्या एका देशाचं सिम दुसऱ्या देशात घरच्याच दरानं चालेल. पण स्वित्झर्लंड त्या संघात नाही, त्यामुळे फ्रान्सचं सिम घेऊन तिकडे फिरायला जाणाऱ्यांनी तो देश पॅकमध्ये आहे का हे वेगळं बघावं. आणि नेपाळचं म्हणाल, तर बाबा म्हणाले होते, "अरे, नेपाळला व्हिसा लागत नाही, मग रोमिंग कसलं?" व्हिसा लागत नाही हे खरं. पण टॉवर व्हिसा बघत नाही, 429 बघतो.

सोनौलीच्या लॉजमधली रात्र

आता बिलाकडे येऊ. मी बाबांना विचारलं, त्या रात्री फोनमध्ये काही वेगळं वाटलं का? ते म्हणाले, "हो, घड्याळ पुढे गेलं होतं. सकाळी सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसलो."

किती पुढे? पंधरा मिनिटं.

नेपाळची वेळ भारताच्या पंधरा मिनिटं पुढे आहे, आणि फोन आपली वेळ टॉवरकडून घेतो. म्हणजे लॉजच्या खोलीत भारताचा सिग्नल कमजोर पडला आणि पलीकडचा टॉवर जोरात होता. फोन रात्री गुपचूप नेपाळात गेला, बाबा खाटेवरच होते. दिवसभराच्या फोटोंचा बॅकअप तेव्हाच चालू झाला. सिग्नल कमानीपाशी थांबून पासपोर्ट दाखवत नाही, आणि मी मात्र त्यांना कमानीचा हिशेब सांगितला होता. चूक माझी होती.

पण फोन तयारच कसा झाला? दोन कुलपं उघडी होती. पहिलं कंपनीकडचं. दोन वर्षांपूर्वी ताईकडे दुबईला जाताना आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू केलं होतं, ते परत बंद करायचं राहून गेलं. दुसरं फोनमधलं. हैदराबादला नेट चालेना म्हणून दुकानदारानं सेटिंगमधलं डेटा रोमिंगचं बटण चालू करून दिलं होतं. बऱ्याच फोनमध्ये हे बटण एकच असतं. त्याला हैदराबाद आणि नेपाळ ह्यातला फरक कळत नाही. सर्कल बदललं की ते चालू करावं लागतं, आणि एकदा चालू केलं की ते चालूच राहतं. काही नव्या फोनमध्ये देशातलं आणि परदेशातलं रोमिंग असे वेगळे पर्याय येतात. तुमच्या आई-बाबांच्या फोनमध्ये काय आहे, ते आजच बघा.

जाण्याआधी काय करायचं?

सीमेजवळ जाणार असाल, तर कमानीची वाट बघू नका. आदल्या मुक्कामालाच डेटा रोमिंग बंद करा आणि नेटवर्क निवडताना "आपोआप" काढून आपली कंपनी हातानं निवडा. घड्याळावर नजर ठेवा.

पॅक घेणार असाल, तर किमतीआधी चार गोष्टी वाचा. तुमचा देश यादीत आहे का. तिथली कुठली कंपनी चालेल. इनकमिंगची मिनिटं पॅकमध्ये धरली आहेत का, कारण परदेशात इनकमिंगलाही पैसे पडतात. आणि "एक दिवस" म्हणजे 24 तास की रात्री बारापर्यंत, आणि बारा कुठल्या घड्याळाचे. विमानातलं आणि जहाजावरचं नेटवर्क हे वेगळंच प्रकरण असतं, देशाचा पॅक तिथे चालत नाही.

आई-बाबा सहा महिने मुलांकडे परदेशी जाणार असतील, तर रोजच्या वापराला तिथलं सिम बरं. भारतातलं सिम दुसऱ्या खाचेत, डेटा बंद करून, फक्त बँकेच्या ओटीपीसाठी. रोमिंगमध्ये आलेल्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत. पण त्यासाठी रोमिंग सेवा सुरू आणि सिमचा रिचार्ज जिवंत पाहिजे. इथे 28 दिवसांचं गणित आठवा: 28 गुणिले 13 म्हणजे 364, म्हणून वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज. ह्यावरूनच ट्रायनं 2022 च्या जानेवारीत कंपन्यांना 30 दिवसांचा निदान एक प्लॅन ठेवायला लावलं. आणि 2024 च्या डिसेंबरमधल्या नियमानुसार डेटा नसलेले, फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅकही ठेवावे लागतात. ओटीपीपुरतं सिम जिवंत ठेवायचं असेल तर आधी ते बघा.

बिलाचं पुढे काय झालं?

तक्रार केली. पहिली पायरी कंपनीचा तक्रार क्रमांक, बहुतेकांचा 198. तिथे डॉकेट नंबर मागून लिहून ठेवायचा. उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जायचं. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे थेट तिकडे पत्र लिहून वेळ जातो. आधी उत्तर आलं, "वापर परदेशी नेटवर्कवर झाला आहे, चार्ज बरोबर आहे." ते खरंच होतं. मग अपिलात आम्ही लॉजची पावती जोडली. तारीख, वेळ, पत्ता सोनौली, जिल्हा महाराजगंज, उत्तर प्रदेश. दोन आठवड्यांनी डेटाची अर्धी रक्कम वजा झाली. उरलेली बाबांनी भरली.

आता ते फोनकडे बघून वेळ सांगत नाहीत. मनगटावर एचएमटीचं जुनं घड्याळ परत आलंय. पुढच्या यात्रेच्या यादीत त्यांनी औषधांच्या खाली स्वतःच्या हातानं लिहिलंय: "रोमिंग, आदल्या दिवशी बंद."

तुमच्या घरी कुणी प्रवासाला निघालं असेल, तर हा भाग त्यांना नक्की पाठवा.