दोष कोणाचा आणि कारण कोणतें?

निलंगा हें लातूर जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. २५ मे २०१७ रोजीं, ऐन वैशाखाच्या उन्हांत, तेव्हांचे मुख्यमंत्री श्री. देवेंद्र फडणवीस यांस घेऊन राज्य सरकारचें हेलिकॉप्टर तेथून आकाशांत चढूं लागलें. आंत वैमानिकांसह सहा माणसें होतीं. यंत्र थोडें वर गेलें न गेलें तोंच खालीं येऊं लागलें, विजेच्या तारांत अडकलें आणि वस्तीलगत कोसळलें. सुदैवानें सर्वांचे प्राण वाचले.

अशी वार्ता घरीं पोंचली म्हणजे पहिला प्रश्न निघतो तो ‘चूक कोणाची?’ हा. कोणी दैवाकडे बोट दाखवितो, कोणी वैमानिकाकडे, तर कोणी तारांस बोल लावतो. परंतु तार हें केवळ निमित्त होय. न्यायशास्त्राचा विद्यार्थी विचारील कीं, यंत्र तारेपर्यंत खालीं आलेंच कां?

याचें उत्तर हवेंत आहे. हेलिकॉप्टरचीं पातीं हवा खालीं लोटतात आणि त्या बळावर यंत्र उचललें जातें. उष्णतेनें हवा विरळ होते; तापमान ३० अंशांवरून ४० वर गेलें कीं तिची घनता सुमारें ३ टक्के घटते. त्यांतून निलंगा पठारावरील गांव. तेथील हवा किनाऱ्यावरील हवेहून मुळांतच विरळ. अशा हवेंत पात्यांस बळ कमी मिळतें व इंजिनाचा जोरही उणावतो. म्हणून सकाळच्या गारव्यांत जो भार यंत्र सहज उचलतें, तोच दुपारीं त्यास जड होतो. चौकशींत हीच गोष्ट पुढें आली: त्या उष्णतेच्या व उंचीच्या मानानें भार अधिक होता.

ही चौकशी विमान अपघात अन्वेषण ब्यूरो या केंद्रीय संस्थेनें केली. १९४४ च्या शिकागो कराराच्या १३ व्या परिशिष्टानुसार अशा अन्वेषणाचा हेतु कोणास दोषी ठरविणें हा नव्हे. तसा अपघात पुन्हां होऊं नये, एवढाच होय. यामागील विचार मार्मिक आहे. शिक्षेचें भय असलें म्हणजे माणूस घडलेली गोष्ट लपवितो, आणि लपलेली चूक पुढें दुसऱ्याच्या जिवावर बेतते.

आपल्या घरांतही कढत दुधाचें पातेलें कलंडलें कीं आपण आधीं मुलास दटावतों. पातेल्याचें बूड डगमगतें होतें, हें मग कोणी सांगत नाहीं. आणि पुढच्या खेपेस कोणाचा तरी हात भाजतो. ‘कोणीं केलें?’ याच्या आधीं ‘कां झालें?’ असें विचारण्याची संवय वडीलधाऱ्यांनीं लावून घेतली, तर मुलें खरें सांगूं लागतील.